धुराचे गणित आणि निवांत रात्र



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी एकदा पौषातल्या सकाळी आम्हांला वर्गाबाहेर नेऊन दूरच्या गिरणीचे धुराडे दाखविले होते. धूर वर न जाता बडोद्यावर आडवा पसरला होता. "असे का?" एवढेच त्यांनी विचारले. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा तिला दाबून धरतो, हे उत्तर शोधायला आम्हांला आठवडा लागला.

पुढे कारखान्यांच्या पर्यावरणीय परिणामांचे अहवाल तयार करणे हाच माझा व्यवसाय झाला. २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने अनेक प्रकल्पांना असे मूल्यांकन बंधनकारक केले होते. धुराड्याची उंची, वायूचे तापमान, वाऱ्याच्या ताशी नोंदी संगणकाला पुरविल्या की कोणत्या गावी सल्फर डायऑक्साइड किती पोहोचेल, ते तो सांगतो. मुळाशी गाऊसचा घंटाकृती वक्र आणि पास्क्विल यांनी १९६१ साली मांडलेले वातावरणाच्या स्थैर्याचे वर्ग.

या सूत्रात वाऱ्याचा वेग छेदस्थानी असतो. वेग शून्य झाला की गणित कोसळते. (शून्याने भागू नये, हेही गुरुजींनीच शिकविले!) म्हणून असे निवांत तास हिशेबातून गाळले जातात. २००५ साली अमेरिकेने स्वीकारलेले एरमॉड हे मॉडेल वातावरणाच्या खालच्या थराचा पुष्कळच सूक्ष्म विचार करते; पण निवांत तास तेही गाळते.

एका चालू कारखान्याच्या विस्तारासाठी मी असाच अहवाल लिहिला. नोंदी उन्हाळ्यातल्या, भरपूर वाऱ्याच्या. पावसाळा सोडून एका ऋतूच्या नोंदी नियमाला चालत. नकाशावरील रेषा मर्यादेच्या आत सुरेख बसल्या. जनसुनावणीत एक वृद्ध बाई उठल्या आणि गुजरातीत म्हणाल्या, "साहेब, थंडीत पहाटे आमचे डोळे चुरचुरतात. ती पहाट तुमच्या कागदांत कुठे आहे?"

मी काहीतरी तांत्रिक उत्तर दिले. ते कोणालाच समजले नाही, आणि त्या वेळी मला त्यातच समाधान वाटले, हे कबूल करतो.

पुढच्या पौषात मी स्वखर्चाने तीन रात्री त्या गावी नमुने घेतले. तिन्ही रात्रींचे आकडे मर्यादेबाहेर गेले. प्रकल्पाला मंजुरी तोवर मिळाली होती. ते तीन कागद मी आज सोबत आणले आहेत. विद्यार्थ्यांनी सभेनंतर ते अवश्य पाहावेत.