रस्ता कुणाच्या बापाचा?

(वस्तीतल्या चित्रकार पोरापोरींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्ता सुरक्षेच्या चित्रस्पर्धेला तुमच्यातल्या सात-आठ जणांनी नावं दिलीत. मंडळ म्हणालं, तू कविता लिहितोस, पोरांना दोन शब्द सांग. चित्रातलं मला शष्प कळत नाही. रस्त्यातलं कळतं.

स्पर्धेचं पत्रक वाचलं. त्यातलं नमुना चित्र पाहिलं. गोरीगोमटी आई, बूट घातलेलं पोर, हात वर केलेला पोलीस, पांढरेशुभ्र झेब्रा पट्टे. वर सुविचार : डावी-उजवीकडे बघा, मगच ओलांडा. खरंय, बघायलाच पाहिजे. पण ओलांडायचं कुठून?

गोदीबाहेरच्या रस्त्याला पी. डिमेलोंचं नाव आहे. गोदी कामगारांचा पुढारी माणूस. त्याच्याच नावाच्या रस्त्यावर पाळी सुटली की आम्ही ट्रेलरांमधून अंग चोरत निघतो. वरून ईस्टर्न फ्रीवे गेलाय, २०१३ सालचा. त्यावर पायी चालायला बंदी. म्हणजे वर बंदी आणि खाली मरण!

ट्रेलर माणूस कसा खातो, ऐका. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर. डाव्या चाकाशी चालणारा त्याच्या नजरेतून निसटतो. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, कडेच्या माणसाला आत ओढतात. तो बिचारा डावी-उजवीकडे बघूनच निघालेला असतो. हे पत्रकात नाही. हे काढा.

२०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. हा सरकारचाच आकडा. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. रोजची जवळपास नव्वद. एवढ्या सगळ्यांना काय चालता येत नव्हतं?

आपल्याला चालायला शिकवण्याची या व्यवस्थेला जुनीच हौस. पेशवाईतल्या पुण्यात कमरेला झाडू, गळ्यात मडकं. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. १९२४ साली त्रावणकोरात वैकोमला सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालता यावं म्हणून होता. १९२७ ला महाडच्या तळ्यावर आपली माणसं गेली तीही गावातून, मिरवणुकीनं, पायी.

आता १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, चालण्याजोगा मोकळा फूटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. चांगलं झालं. पण मोकळा फूटपाथ म्हणजे भाजीवाल्या मावशीला हाकला, असं चित्र कुणी काढाल तर मी भांडेन. मावशी टोपलीएवढी जागा घेते. फूटपाथवर चढवलेली मोटार किती घेते? ती काढा, नंबरप्लेटसकट.

मागल्या वर्षी आपल्यातल्या एका पोरीनं गोदीचं गेट काढलं होतं. ट्रेलर, चिखल, आणि रस्त्यात पडलेला जेवणाचा डबा. परीक्षक म्हणाले, विषयाला धरून नाही. बक्षीस सुविचाराला गेलं. त्या डब्याचा मालक आमच्या टोळीतला होता. विषय आणखी कशाला म्हणतात?

ती पोरगी आज इथं बसलीय, यंदा नाव दिलं नाही म्हणते. दे बाई. परत तेच काढ, मोठ्या कागदावर. परीक्षकांनी नाकारलं तर ते चित्र विहाराच्या भिंतीवर लावायची जबाबदारी माझी.

शनिवारी पाचला गेटवर जमू. कागद-रंग नंतर. आधी गेटपासून पलीकडच्या बसस्टॉपपर्यंत किती पावलं होतात आणि मध्ये किती वेळा थांबावं लागतं, ते मोजू. म्हाताऱ्यांनाही सोबत आणा, त्यांची पावलं वेगळी मोजायचीत.