बारा फोटोंचा रोल
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कविता लिहितो. त्यामुळे रेडिओवर बोलावणं आलं की बहुतेक वेळा कवितेवरच बोलायचं असतं. या वेळी केंद्रातल्या मित्रांनी विचारलं, कवितेशिवाय तुम्हाला आणखी कशाचं वेड आहे? मी म्हटलं, दोन गोष्टींचं. एसटीत खिडकीशी बसण्याचं आणि फोटो काढण्याचं. ते म्हणाले, मग त्यावरच बोला.

आम्हा सोलापूरकरांना गड्डा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे, खेळणी, खाण्याची दुकानं लागतात, तो आमचा गड्डा. माझ्या लहानपणी तिथं फोटोचे स्टॉल असायचे. मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर ताजमहाल, नाहीतर काश्मीरचं तळं. पुठ्ठ्याचं विमान असायचं, त्याच्या खिडकीतून तोंड बाहेर काढायचं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत ताजमहालापुढचा फोटो होता आणि आग्र्याला एकही माणूस गेलेला नव्हता. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाया वर्षातून एकदा नवं लुगडं नेसून काश्मीरला जाऊन यायच्या. शेजारचे चाचा विमानातून हात हलवत होते, ते होटगी जंक्शनच्या पुढं कधी गेले असतील असं वाटत नाही. प्रवास आणि फोटो या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटल्या त्या तिथं.

पहिला कॅमेरा हाती आला १९८४ साली, दहावीनंतर. अब्बा गिरणीत होते. त्यांच्या खात्यातल्या एका माणसाला पैशांची अडचण होती, त्याचा आग्फा क्लिक थ्री आमच्या घरी आला. बडोद्याला तयार होणारा हा कॅमेरा त्या काळी मध्यमवर्गीय घरांत खूप दिसायचा. त्यात फारसं काही नव्हतंच. एकीकडे ऊन, एकीकडे ढग, एवढंच ठरवायचं. पाठीमागं छोटी लाल काच, तिच्यातून रोलवरचा आकडा दिसायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. उटीच्या सरकारी कारखान्यात बनणारा ‘इंदू’ रोल घालायचा. तो कारखाना पुढं बंद पडला. फार जवळून फोटो काढला तर चेहरा पुसट यायचा, म्हणून आठ-दहा फुटांवर उभं राहावं लागे. तिथून मोठ्यानं विचारायचं, ‘काका, फोटो काढू का?’ चोरून काढायची सोय त्या कॅमेऱ्यात नव्हती. आज लांब नळकांड्याच्या लेन्सा घेऊन समोरच्याला पत्ता न लागू देता फोटो काढणारे पाहतो, तेव्हा मला तो डबा बरा वाटतो.

बारा फोटो महिनाभर पुरवायचे, तर काय काढायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. कवितेत तेच करावं लागतं, पण ते मला कवितेनं नाही, क्लिक थ्रीनं शिकवलं.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं निघालं की तासा-सव्वा तासात नळदुर्ग येतं. इथल्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बांध घातलेला आहे, आणि त्या बांधाच्या पोटात खोली काढली आहे. तिला पाणीमहाल म्हणतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचं हे काम. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून दोन धबधबे कोसळतात, त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आपण पाणीमहालात उभे असतो आणि खिडकीसमोरून पाण्याचा पडदा खाली जात असतो. पाणी डोक्यावर, पाणी समोर, आणि आपण कोरडे.

पण सांडव्यावरून पाणी पडायला पाऊस चांगला लागतो, आणि आमचा भाग तसा कोरडाच. कॅमेरा आल्यावर तीन पावसाळे मी वाट पाहिली. घरी फोन नव्हता. एसटी स्टँडवर जाऊन नळदुर्गकडून आलेल्या कंडक्टरला विचारायचं, हा माझा रिवाज. एक कंडक्टर तर मला लांबूनच पाहून मान हलवायचे, अजून नाही म्हणून. तिसऱ्या वर्षी तेच म्हणाले, ‘पळा, नर-मादी सुरू झाली.’ पुढच्या गाडीत त्यांनी मला पुढची सीट दिली, तिकीट मात्र पूर्ण फाडलं.

आत काळोख, बाहेर लख्ख पाणी. ऊन की ढग, यातलं काय लावणार? दोन्ही नीट यावं असं त्या कॅमेऱ्यात शक्यच नव्हतं. मी ऊन लावलं. पाणी आलं, खिडकीची महिरप काळी आली, आणि खिडकीत बसलेली दोन पोरं नुसत्या आकृत्या झाली. कुणाची पोरं, कुठली, काही कळत नाही. तो फोटो मी कुणालाही दाखवला की माणूस क्षणभर गप्प होतो. मी काढलेला तो पहिला खरा फोटो, असं मी धरून चाललो आहे. बाकीचे अकरा सांगण्यासारखे नाहीत.

या दुसऱ्या इब्राहिमचं मला कवी म्हणूनही अप्रूप आहे. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणायची. त्यानं ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ लिहिला, तो दख्खनीत, आणि त्यात सरस्वतीचं स्तवन आहे. दख्खनी म्हणजे आमच्या घरातली बोली. शाळेत मराठी, घरात दख्खनी, असा मी वाढलो. तेव्हा नळदुर्गनंतर विजापूरला जाणं ओघानंच आलं, कारण इब्राहिम तिथं इब्राहिम रोज्यात विसावला आहे, आणि त्याचा मुलगा महंमद आदिलशहा गोलघुमटात.

विजापूरची गोष्ट अम्माशिवाय सांगता येत नाही. आमच्या घरात भिंतीवर फोटो नव्हते. जिथं तसबिरी असतात तिथं फरिश्ते येत नाहीत, असं दादीमाँ सांगायची. अब्बांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, पण अम्मानं घेतलं. मी कॅमेरा उचलला की ती म्हणायची, ‘नक्को रे, मेरा फोटू नक्को.’ भीती म्हणाल तर ती एका धर्माची नव्हती. दादासाहेब फाळके बडोद्यात फोटोचा धंदा करत होते, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक तुटलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. अम्माचं मात्र अफवेवर नव्हतं. तिला आपला चेहरा दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता, एवढंच. मी ते मान्य केलं.

१९९३ साली निवडणूक आयोगानं मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं ठरवलं. आमच्या गल्लीची पाळी आली तेव्हा शाळेच्या खोलीत कॅमेरा मांडला होता. कितीतरी बायकांचा आयुष्यातला तो पहिला फोटो. काहींचा बहुधा शेवटचाही असेल. अम्मा जाऊन आली आणि म्हणाली, ‘सरकारकू मुँह दिखाके आई.’ मला दहा वर्षं जे मिळालं नव्हतं ते सरकारला एका मिनिटात मिळालं. तेही कसं, तर ओळखू येऊ नये असं.

१९९६ मध्ये तिला विजापूरला नेलं. तोवर मी कारकुनीच्या पगारातून जुना याशिका घेतला होता. गोलघुमटाच्या कोपऱ्यांवरच्या मनोऱ्यांतून सात मजले चढून वर जावं लागतं. गुडघे धरत, प्रत्येक मजल्यावर बसत, अम्मा चढली. आत घुमटाच्या कडेनं गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर समोरच्या बाजूला भिंतीला कान लावणाऱ्याला ऐकू येतं, आणि मधलं अंतर आहे सुमारे ३८ मीटर. शाळेच्या सहली आल्या की तिथं नुसता आरडाओरडा चालतो, कुणालाच काही ऐकू येत नाही. आम्ही सकाळी लवकर गेलो होतो. तिला एका बाजूला बसवून मी फेरा घालून समोर गेलो. कान लावला. आवाज आला, ‘खाना खाया क्या रे?’ सकाळपासून आम्ही बरोबरच होतो, सोबत बांधून आणलेलं खाणंही बरोबरच खाल्लं होतं. पण तिला भिंतीशी दुसरं काय बोलायचं हे सुचलं नसावं.

मी भिंतीतूनच विचारलं, फोटो काढू? बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, पाठ करून बसते, पाठीचा काय काढायचा तो काढ. अशा स्मारकांत तिवई लावायला वेगळी परवानगी लागते, ती माझ्याकडे नव्हती. कठड्यावर रुमालाची घडी ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला, श्वास धरला आणि बटण दाबलं. फोटोत एवढा मोठा घुमट आहे, आणि खाली भिंतीशी पांढऱ्या ओढणीचा एक ठिपका. अम्मा २०११ साली गेली. थोरले भाईजान म्हणाले, ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेऊ, आठवण राहील. त्यावर घरात दोन-तीन दिवस बोलणं झालं, थोडं कडूही झालं. मी म्हटलं, तो तिनं सरकारला दिलेला आहे, आपल्याला दिलेला नाही. भाईजाननी पुढं काही केलं नाही. ठिपक्याचा फोटो त्यांनी माझ्याकडून मागून नेला आणि कुराणाच्या कपाटाशेजारच्या फडताळात, पाकिटात ठेवला. भिंतीवर नाही.

नाही म्हणणाऱ्यांचं सांगितलं. पण फोटो हवा असूनही ज्यांना मिळत नाही, ते जास्त भेटतात. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे आषाढीच्या आधी रजा टाकून नातेपुते, वेळापूर, वाखरी असं पालखीबरोबर हिंडायचं, हे अनेक वर्षं चाललं आहे. मुसलमान माणूस वारीत काय करतो, असं मला शहरात विचारतात. वारीत कुणी विचारलेलं नाही. तुकोबांची पालखी देहूहून निघते तेव्हा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, अभंग-आरती होते, हे वारकऱ्यांना ठाऊक असतं.

वारीत फोटो काढला की म्हातारी माणसं एकच विचारतात, ‘धाडशील का?’ सुरुवातीलाच मी एक वही केली. ज्याचा फोटो काढला त्याचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. आणि दिंडीचा नंबर. ज्ञानोबांच्या पालखीत प्रत्येक दिंडीला नंबर असतो, रथापुढची की रथामागची हे ठरलेलं असतं, आणि घराणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच दिंडीतून चालतात. रोल धुऊन आला की पोस्टकार्ड साइझच्या प्रिंट काढायच्या आणि पाकिटं टाकायची. पगाराचा बरा भाग त्यात गेला, बायको अजून ऐकवते. एकदा परभणी जिल्ह्यातून पोस्टकार्ड आलं, शाळकरी अक्षरात. आजोबा वारले, त्यांचा दुसरा फोटो घरात नाही, तीन मुलं आहेत, आणखी दोन कॉप्या पाठवा, पैसे मनिऑर्डरनं पाठवतो. कॉप्या पाठवल्या. मनिऑर्डर खरोखरच आली.

या वहीनं एकदा पंचाईतही केली. २००३ सालची गोष्ट. एका स्टेशनात मी पुलावरून खालच्या गर्दीचे फोटो काढत होतो. नाव विचारलं गेलं. नाव सांगितल्यावर पुढचे प्रश्न वेगळ्या सुरात आले. झोळी उलटी केली तेव्हा वही निघाली. एवढ्या लोकांची नावं, पत्ते, नंबर कशाला? मी म्हटलं, त्यांचे फोटो पाठवायचे आहेत. यावर कुणाचा विश्वास बसेल? दोन तास बसवून ठेवलं. शेवटी एका वयस्कर हवालदारांनी वही वाचायला घेतली, पान दोन पानं वाचली, दिंडीचे नंबर बघितले आणि मुकाट्यानं परत दिली. रोल मात्र तोवर कॅमेऱ्यातून ओढून उजेडात धरला गेला होता. छत्तीस फोटो उन्हानं खाल्ले. त्यात काय काय होतं ते मला अजून क्रमानं सांगता येतं.

आता मोबाइल आहे. माझ्याकडेही आहे आणि मी त्यावर भरपूर फोटो काढतो, नाक मुरडत नाही. वारीतली तरुण मंडळी म्हणतात, ‘काका, व्हॉट्सअ‍ॅप करा,’ आणि जागच्या जागी काम होतं. फुकट होतं, हे बायकोला फार आवडलं.

पण जुन्या पाकिटांपैकी अकरा पाकिटं परत आली होती. पत्ता अपूर्ण, नाहीतर मालक सापडत नाही, असे शेरे मारलेली. ती कपाटात होती. गेल्या आषाढीत त्यातली दोन बरोबर घेऊन नातेपुत्याला गेलो. दोघांच्याही दिंडीचे नंबर वहीत होते. पहिली दिंडी रथामागची, मुक्कामाला टेकली होती. चुली पेटत होत्या. मी पाकिटातला १९९८ सालचा फोटो काढून दाखवला, डोईवर तुळस घेतलेली म्हातारी. भाकरी थापणाऱ्या एका बाईनं पिठाचे हात पदराला पुसले, फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाली, ‘ह्या माझ्या सासूबाई की.’ मग तो फोटो चुलीभोवती सगळ्यांच्या हातून फिरला. मला भाकरी आणि पिठलं मिळालं.

दुसरी दिंडी त्या दिवशी पुढं निघून गेली होती. ते पाकीट माझ्याकडेच आहे.