जुन्या वाड्यातली भिंत काढताना

जुन्या वाड्यातली भिंत म्हणजे नुसता आडोसा नव्हे.
ती बऱ्याचदा घराचा भारही पेलते.

पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांत दगडी तळखड्यावर लाकडी खांब उभा असतो.
खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या.
कड्यांची टोकं मात्र बऱ्याचदा भिंतीत रोवलेली असतात.

श्रोतेहो, खोली मोठी करायला अशी भिंत पाडली, तर वरचा मजलाच खचू शकतो.
भिंत भार पेलते, ते असं.
म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी.
मग टेकू, मग लोखंडी गर्डर.
भिंतीला हात त्यानंतरच.

त्याहून फसवी असते ती ओल.
माती-चुन्याची भिंत ओल शोषते, आणि बाहेरही टाकते.
तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आत कोंडते.
भिंतीतलं कडीचं टोक कुजू लागतं.
बाहेरून लाकूड धडधाकट दिसतं.
हातोडीनं हलकेच ठोकलं, की आवाज पोकळ येतो.
पेचकस टोचला, की तो सहज आत रुततो.
अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा.

माडीवर नवं न्हाणीघर म्हणजे जास्तीचा भार आणि रोजचं पाणी.
कडीपाट त्यासाठी बांधलेला नसतो.
न्हाणीघर शक्यतो तळमजल्यावरच बांधावं.