डाऊन पेमेंट जमलं, असं मला वाटलं होतं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "ताई, घरासाठी डाऊन पेमेंट जमवायचं कसं?" तर आज माझीच गोष्ट सांगते. त्यात माझी चूक पण आहे, ती आधी सांगते.

मी मूळची बार्शीची. नोकरीसाठी पुण्यात आले आणि सहा वर्षं दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले. माझ्या वाट्याचं भाडं ११ हजार. घर घ्यायचं हे डोक्यात पहिल्यापासून होतं. कुठंतरी ऐकलं होतं, वीस टक्के आपले, बाकी बँकेचे. मी ४८ लाखांचा फ्लॅट बघून ठेवला, बांधकाम चालू असलेला. वीस टक्के म्हणजे ९ लाख ६० हजार. झाले जमा! त्या दिवशी स्वतःलाच मिसळ खाऊ घातली.

मग गेले बुकिंगला. २१ हजार टोकन दिलं, फॉर्म भरला आणि नंतर, नीट ऐका, *नंतर* खर्चाचा पूर्ण कागद मागितला. त्यावर काय होतं? जीएसटी ५ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. नोंदणी फी ३० हजार. एकूण ६ लाख ६ हजार, आणि हे वीस टक्क्यांच्या *वर*. घराची किंमत मोजताना बँक मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरत नाही. तो आपल्याच खिशातून जातो.

समोरचा माणूस हसत म्हणाला, "मॅडम, टेन्शन कशाला? पर्सनल लोन काढा ना." म्हणजे एका कर्जाचा खड्डा बुजवायला दुसरं कर्ज.

घरी फोन केला. बाबा आधी गप्पच. मग म्हणाले, "लग्नाआधी घर कशाला गं? तुझ्या लग्नाचे ठेवलेत, तेवढेच आहेत माझ्याकडं." आणि मागून आई, "माझ्या पाटल्या मोडू या." खरं सांगू? मी त्या क्षणी हो म्हणणार होते. सहा लाखांचा प्रश्न एका फोनवर सुटत होता. पण आईनं त्या पाटल्या माझ्या शिक्षणाच्या वेळी एकदा गहाण ठेवल्या होत्या. सोडवून आणायला तिला तीन वर्षं लागली. म्हटलं, नको आई. परत नको.

बुकिंग रद्द केलं. टोकन परत मिळायला चार महिने चकरा मारल्या. तेव्हा एक नियम कळला, तो लिहून ठेवा. रेरा कायद्यानुसार, नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. कोणी "आधी भरा, करार नंतर" म्हणालं तर उठून यायचं.

मग मी गणित नव्यानं मांडलं. बांधून पूर्ण झालेल्या, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. आणि महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. म्हणून मी रीसेल बघायला लागले. थोडं जुनं, थोडं लांब, ४२ लाखांचं वन बीएचके. वीस टक्के ८ लाख ४० हजार, शुल्क ६ टक्क्यांनी २ लाख ५२ हजार, नोंदणी ३० हजार, दलाली ४२ हजार, सोसायटीची हस्तांतरण फी २५ हजार. एकूण ११ लाख ८९ हजार. म्हणजे अजून २ लाख २९ हजार हवे होते.

आता जमवायचे कसे? पगार ज्या दिवशी होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी १८ हजारांची आरडी आपोआप कापली जाईल असं केलं. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं की काहीच उरत नाही, अनुभव आहे. आधीचे पैसे दोन बँकांत एफडीत विभागले, कारण एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्याच ठेवींना विमा असतो. शेअर बाजारात टाकले नाहीत. दीड वर्षात लागणारा पैसा तिथं ठेवायची माझी छाती नाही.

आणि यात एक गंमत झाली. ११ हजार भाडं अधिक १८ हजार बचत, म्हणजे २९ हजार. ३३ लाख ६० हजारांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता, साडेआठ टक्क्यांनी, साधारण तेवढाच बसतो. म्हणजे कर्ज घ्यायच्या आधीच दीड वर्ष हप्त्याचा सराव झाला! दोनदा जमलं नाही, एकदा मोबाईल बिघडला तेव्हा आणि एकदा बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. तेव्हाच कळलं की हप्त्याशिवाय तीन महिन्यांचा खर्च वेगळा हवा. तोही बाजूला ठेवला, मगच सही केली.

नोंदणीच्या दिवशी आई-बाबा बार्शीहून पहाटेच्या एसटीनं आले. बाबांनी कागदावर माझं नाव दोनदा वाचलं. "आडनाव आपलंच आहे," एवढंच म्हणाले.

तर तुमचं आजचं काम: आवडलेल्या घराची किंमत लिहा आणि तिच्या खाली बाकीचा *सगळा* खर्च लिहा. टोकन त्यानंतर. काही अडलं तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात!