कच्चं मडकं



मातीकामाची आवड मला तशी उशिराच लागली. मुलं शिकायला बाहेरगावी गेली, घरातली एक खोली रिकामी झाली आणि तिथं कुंभाराचं चाक आलं. वर्षभरानं गच्चीवरच्या शेडमध्ये विजेची छोटी भट्टीही आली. या छंदातला सर्वांत मोठा धडा मात्र मला एका लोणच्याच्या बरणीनं दिला. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

आधी भांडं होतं कसं, ते थोडक्यात सांगते. माती आणली की लगेच चाकावर चढवता येत नाही. कणकेसारखी ती चांगली मळावी लागते. आत हवेचा बुडबुडा राहिला तर भांड्याची भिंत एकसारखी उठत नाही. तयार भांडं सावलीत, सावकाश वाळवायचं. पंख्याखाली ठेवलं की कड आधी वाळते, बूड ओलंच राहतं आणि चीर पडते. वाळताना आणि भाजताना मिळून भांडं साधारण १०-१२ टक्के आटतं. म्हणून चहाचा कप करताना तो जरा मोठाच करावा लागतो.

मग पहिली भाजणी. सुरुवातीला आच हळूहळू वाढवायची, नाहीतर आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ भांडं फोडते. ५७३ अंश सेल्सिअसच्या सुमारास मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. भट्टी निवताना त्याच टप्प्यावर ते आकसतात. तिथं घाई केली की तडा गेलाच म्हणून समजा. सुमारे १००० अंशांपर्यंत भाजलेलं भांडं टणक होतं, पण पाणी शोषतं. म्हणून त्याला झिलई द्यायची.

झिलई म्हणजे नुसता रंग नव्हे, ती काच असते. गारगोटीची पूड, म्हणजे सिलिका, हा तिचा मुख्य घटक. पण एकट्या सिलिकाला वितळायला १७०० अंशांच्या वर उष्णता लागते. ती घरच्या भट्टीत कुठून मिळणार? म्हणून तिला लवकर वितळवणारे फेल्डस्पार, चुनखडी असे पदार्थ घालायचे. वितळलेली काच ओघळून जाऊ नये म्हणून थोडी चिनीमाती. लोखंडाच्या ऑक्साइडनं तपकिरी छटा येते, कोबाल्टनं निळी, तांब्यानं हिरवी. हे सगळं पाण्यात सायीइतकं दाट कालवायचं, भांडं तीन-चार सेकंद बुडवायचं आणि बूड ओल्या स्पंजनं पुसून घ्यायचं. पुसलं नाही तर भांडं भट्टीतल्या फळीला कायमचं चिकटतं. मग दुसरी भाजणी. माझी माती १२२० अंशांच्या आसपास पक्की होते.

आता बरणीची गोष्ट. मला एकदा हिरवी, मखमली दिसणारी झिलई हवी होती. तांब्याचं प्रमाण मी सढळ हातानं वाढवलं. बरणी इतकी देखणी झाली, की जाऊबाईंना वाढदिवसाला दिली. त्यांनी हौसेनं तिच्यात लिंबाचं लोणचं घातलं. तीन महिन्यांनी जेवायला गेले, तर लोणचं जिथपर्यंत होतं तिथपर्यंत आतला हिरवा रंग फिका पडलेला! काचेत मावेल त्याहून जास्त तांबं मी घातलं होतं. लिंबाच्या आंबटपणानं ते बाहेर ओढलं आणि लोणच्यात उतरवलं. मी लोणचं टाकून द्यायला सांगितलं. जाऊबाई रागावल्या. "आपल्या सासूबाई जन्मभर बरणीतच लोणचं घालत होत्या ना?" म्हणाल्या. खरं होतं. पण ही बरणी मी केली होती आणि न तपासता दिली होती.

घरी आले आणि यादी केली. त्याच झिलईची अकरा भांडी मी लोकांना दिली होती. प्रत्येकाला फोन केला. एका घरी त्या वाडग्यात लहान मुलगी रोज ताक पीत होती. तो फोन करताना मला शब्द सुचेनात.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण ऐकलेली आहे. त्यांनी थापटण्यानं संतमंडळींची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. ती कथा मला त्या दिवसांत सारखी आठवत होती.

तेव्हापासून खाण्यापिण्याच्या भांड्याला आतून मी रंगाचं ऑक्साइड नसलेली, नीट वितळलेली झिलईच देते. रंगाची हौस बाहेरच्या बाजूला. शिसं असलेली झिलई कमी उष्णतेत वितळते आणि छान चकाकते, पण शिसं विषारी, लहान मुलांना तर फारच घातक. ते माझ्या घरात येत नाही. नवी झिलई केली की तिच्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवते. सकाळी रंग बदललेला दिसला तर ती झिलई बाद. न बदलला तरी तेवढ्यावर भांडं निर्धोक ठरत नाही, त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. आणि झिलईची कोरडी पूड कालवताना तोंडाला मास्क, जमीन पुसायला ओलं फडकं. झाडू नको, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसात साठून राहते.

श्रोतेहो, हातानं केलेलं भांडं कुणाला देण्यात फार आनंद आहे. तुम्हीही जरूर करा. फक्त देण्याआधी एक लिंबू खर्ची घाला. जाऊबाईंना मी दुसरी बरणी करून दिली, आतून पांढरी. त्यांनी ती महिनाभर रिकामीच ठेवली होती. यंदा मात्र तिच्यात लोणचं घातलंय आणि वाटीभर मला पाठवलंय.