"सिस्टर, मला मूल होऊ शकेल का?"

(महिला मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या कामासाठी तुम्ही आठवणीनं देणगी पाठवता, प्रार्थना करता. पण सभा संपून चहा सुरू झाला की कोणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारतं, "सिस्टर, एचआयव्ही आहे हे माहीत असताना या बायका मूल होऊच कशाला देतात?" आज त्याच प्रश्नावर बोलते.

विचारणारीचा हेतू वाईट नसतो. तिच्या डोळ्यांपुढे जुने दिवस असतात. काहीच उपचार नसले तर अशा आयांच्या शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधं मोफत मिळू लागली. २०१४ पासून लागण असलेल्या प्रत्येक गर्भवतीला ती लगेच आणि आयुष्यभरासाठी सुरू करतात. आईनं गोळ्या नेमानं घेतल्या आणि बाळाला जन्मापासून औषध दिलं, तर हेच प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येतं. दिवस जाण्याआधीच रक्तातले विषाणू दबलेले असतील तर धोका त्याहूनही कमी.

म्हणून "मला मूल होऊ शकेल का?" असं एखादी विचारते, तेव्हा आम्ही "हो" म्हणतो. पण लगेच नको, आधी व्हायरल लोड तपासू, नवऱ्याचीही तपासणी करू, गोळ्या एकही दिवस चुकू द्यायच्या नाहीत, हेही सांगतो.

एवढं सांगून आमचं काम संपतं, असं मात्र नाही. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची तरुण सून आमच्याकडे येते. तिच्या लग्नात नवऱ्याकडच्यांनी देज दिलेलं आहे. मूल झालं नाही तर दुसरी बायको येईल, ही भीती तिला आजाराहून मोठी वाटते. आजाराचं घरात फक्त नवऱ्याला ठाऊक. गोळ्यांची बाटली ती धान्याच्या कणगीमागे ठेवते. ती मला म्हणाली, "उद्या हा गेला, तर पोराबिगर मला या घरात कोण ठेवील?" याला अविचार कसं म्हणू? तिनं सगळा हिशेब केलेला होता. फक्त औषधानं बाळ वाचू शकतं, ही एक गोष्ट त्या हिशेबात नव्हती.

दुसरीला दोन मुली आहेत. सासूला नातू हवा. हिला मात्र नको. "आहेत त्यांना मोठं करण्याइतकं आयुष्य मिळालं तरी पुष्कळ," म्हणते. तिनं तांबी बसवून घेतली. आम्ही दोघींच्याही बाजूनं उभे राहतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना आठवा. मुलासाठी ती मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करत होती, आणि एली याजकाला वाटलं, बाई प्यालेली आहे. पण तिचं म्हणणं ऐकल्यावर त्यानंच तिला आशीर्वाद देऊन पाठवलं.

आमच्या बायकांना असं ऐकणारं माणूस क्वचित भेटतं. "तुला कशाला पाहिजे मूल? पाडून टाक, ऑपरेशन करून घे," असं ऐकून रडत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार गर्भवतीच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तिचा गर्भपात किंवा नसबंदी करता येत नाही. पाड्यावर हे कोणाला माहीत असणार? आमच्या कार्यकर्त्या आता घरोघर हेही सांगतात.

अंगावरच्या दुधाबद्दलही नेहमी विचारतात. पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध, आणि आईच्या गोळ्या चालू. झऱ्याचं पाणी घालून वरचं दूध पाजलं तर बाळ जुलाबानंच हातचं जाण्याची भीती.

खरी अडचण येते ती ऊसतोडीत. दिवाळीनंतर टोळ्या गुजरातेत उतरतात. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात करायची असते, पुढे सहा महिन्यांनी, वर्षानं आणि शेवटची दीड वर्षानं. त्यातली एखादी नेमकी फडात असताना येते. मुकादम सुट्टी देत नाही, आणि कारण तर सांगता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच आम्ही आईच्या हाती तिकडच्या केंद्रासाठी चिठ्ठी देतो. प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळवून देण्याचा प्रयत्न करतो. जिला तिकडे जमणार नाही, तिला बाळासह तपासणीपुरतं परत आणतो. तुमच्या देणगीतून एसटीच्या भाड्यासाठी बाजूला काढलेले पैसे या फेऱ्यांना लागतात. यंदाच्या टोळ्यांतही काही गरोदर बहिणी आहेत. त्यांच्या तारखा आम्ही वहीत लिहून ठेवल्या आहेत.