चिंचोक्याची खळ

भिवंडीत आमचा एक गाळा आहे. एकेकाळी त्यात बारा यंत्रमाग होते. आता चार उरलेत आणि तेही भंगारवाला वजनाच्या अंदाजाने पाहून गेला आहे. आमच्या गावात असे कितीतरी गाळे रिकामे झाले, काहींच्या जागी गोदामं आली. त्या चार मागांचं काय करायचं, यावर घरात रोज वाद होत होता. तेवढ्यात मी दोन दिवस सावंतवाडीला गेलो. खरं सांगायचं तर वादापासून पळूनच गेलो.

दिव्याहून पहाटे सावंतवाडीची गाडी सुटते. घाई असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. मला घाई नव्हती.

कोकणात जाणारे बहुतेक जण सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याच्या समुद्राकडे किंवा थेट गोव्याकडे वळतात. गावात फार तर मोती तलावाकाठी चहा घेतात. पण तलावापासून चालत चितार आळीत जावं. दुकानांत आंबे, केळी, वांगी, मिरच्या मांडलेल्या असतात, सगळ्या लाकडाच्या. मी एक सीताफळ हातात घेऊन दाबून पाहिलं, तर दुकानदार हसून म्हणाला, "खाव नकात हां!"

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा रंगवत बसलेले दिसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचे दहा रंग, एकेका अवताराचा एक. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं, म्हणजे बारा. एकूण १२० पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. दिवसा खेळ रामाच्या राजाने सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. आज हा खेळ खेळणारे फारसे उरलेले नाहीत. पानं बहुधा काचेच्या चौकटीत जातात. मला ते थोडं खटकलं.

ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे ती जाणत होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी त्यांच्याकडून स्वतः शिकले, मग त्यांनी इतरांना शिकवलं. सत्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, काम चालू राहिलं. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. प्रत्येक कलेच्या नशिबी राणी नसते, हेही मनात आलंच. पण त्या दोघांनी नुसते पैसे दिले नाहीत, ते म्हाताऱ्या माणसाशेजारी जाऊन बसले, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

कारण माझे वडील आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर होते, मग स्वतःचे माग घेतले. सगळे माग चालू असताना कुठला धोटा अडखळतोय, हे ते दारातूनच आवाजावर सांगत. मी शेजारी कधी बसलो नाही. त्यांनीही बसू दिलं नाही. "तू शीक आणि ऑफिसात बस," हेच कायम.

परतताना त्यांच्यासाठी कूर्माचं एक पान घेतलं. किंमत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "बाबा, जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून हे पान करत."

त्यांनी पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "चिंचोक्याची? अरे, आम्ही सुतालाही तीच खळ देत होतो. ताणा ताठ राहतो त्याने." मग खळ किती वेळ शिजवायची, गाठी कशा होऊ द्यायच्या नाहीत, हे ते बराच वेळ सांगत बसले. मधेच रामाचं आणि कृष्णाचं विचारून म्हणाले, "म्हणजे त्यांनाही दिवसपाळी, रात्रपाळी होती तर!"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गाळ्यात गेलो. बाबांनी एक माग चालू केला आणि मला विचारलं, "काय ऐकू येतं?"

"खडखडाट," मी म्हणालो.

"नीट ऐक," ते म्हणाले आणि बसायला स्टूल पुढे सरकवलं.

भंगारवाल्याला दिवाळीनंतर यायला सांगितलं आहे.